तीन घड्याळांचं बोईसर

पहाटे पाच

बोईसर स्टेशनात बायकांचा डबा कुठे थांबतो हे पाटी न वाचता कळतं. तिथे फलाटावर मासळीचे टब लागलेले असतात. मुरबे, नवापूर, नांदगाव, दांडी इथून निघालेल्या रिक्षा मासळी उतरवून लगेच मागे वळतात. टबांवर ओलं गोणपाट असतं आणि बर्फाचं पाणी फरशीवरून रुळांकडे ओघळत असतं. डहाणूहून येणारी लोकल वाणगावची भाजी आणि हिरव्या मिरचीच्या गोण्या घेऊन आधीच अर्धी भरलेली येते. मिनिटभराच्या थांब्यात एवढं सामान आत जाईल असं मला वाटलं नव्हतं. गेलं. वर मलाही आत ओढण्याची एकीची तयारी होती. "ताई, चढा लवकर, पुढची तासाभराने आहे!" मी फक्त बघायला आलेय म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खजील झाले.

ही लोकल इथपर्यंत आली १६ एप्रिल २०१३ ला. त्याआधी विरारच्या पुढे शटल, मेमू आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आधार होता. आजही विरारपर्यंत लोकल मिनिटांवर मोजतात आणि विरारच्या पुढे तासांवर. म्हणून इथला माणूस वेळ सांगताना पाच वाजून अमुक मिनिटं असं म्हणत नाही, गाडीचं नाव घेतो. हे बोईसरचं पहिलं घड्याळ.

सकाळी सात

दुसरं घड्याळ एमआयडीसीचं. माझा भाचा इथे औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. त्याची सध्या नाईट चालू आहे. सातला फर्स्ट शिफ्ट आत जाते आणि नाईट बाहेर येते. रस्त्याच्या एका कडेने आंघोळ केलेली, केस विंचरलेली माणसं सायकलींवर, कंपनीच्या बसांत, शेअर रिक्षांत चाललेली आणि दुसऱ्या कडेने डोळे चुरचुरणारी माणसं परतत असलेली. मराठी, भोजपुरी, ओडिया, गुजराती, आणि ठेकेदाराची सगळ्यांना कळणारी एक हिंदी. आत रंगांची रसायनं, औषधं, कापड, पोलाद असं सगळं बनतं. वास मात्र एकच येतो, काहीसा गोड, घशाला लागणारा. भाच्याला तो येईनासा झालाय. "मावशी, दुपारी खारा वारा सुटला की येईल बघ," म्हणाला. "रात्री वारा समुद्राकडे जातो, तेव्हा त्रास तिकडच्यांना."

पहिल्या वर्षी तो अवधनगरच्या एका खोलीत राहिला. खाटा चार, भाडेकरू आठ. फर्स्टवाला उठून गेला की नाईटवाला येणार. चादर ज्याची त्याची. खाट थंड झालेली त्याने वर्षभर पाहिली नाही. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता, सोय म्हणून सांगत होता.

एवढं सगळं असून बोईसरचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या हाती आहे. बुलेट ट्रेनच्या महाराष्ट्रातल्या चार स्थानकांत बोईसर आहे. गटारं बघितली की पहिलं वाक्य खरं वाटतं, आणि बेटेगावकडे उभे राहणारे खांब बघितले की दुसरं.

साडेआठ

नाक्यावर गवंडी, सुतार, बिगारी. डोक्याला पंचा, हातात थापी किंवा नुसतेच हात. विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडची वारली, कोकणा, कातकरी जोडपी दिवाळीनंतर कामासाठी खाली उतरतात, काही वीटभट्ट्यांवर जातात, काही इथल्या बांधकामांवर. नऊनंतर जे नाक्यावर उरतात त्यांना तो दिवस उरतो. मी थांबले नाही. रिकाम्या हातांकडे बघत उभं राहणाऱ्या बाईला कामाला माणूस हवाय असं समजतात, आणि पाच जण उठून उभे राहतात.

साडेदहा

तारापूरच्या रस्त्याला लागताच टॅप्स, म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या, कॉलनीची झाडी येते आणि आवाज एकदम उतरतो. १९६० च्या दशकात वसलेल्या सरकारी वसाहतीची ही ऐट: रुंद रस्ते, मोठी झाडं, कडेला कुणी हातगाडी लावायची नाही. २८ ऑक्टोबर १९६९ ला इथल्या दोन अणुभट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची गावं उठली. घराच्या मागल्या दारी समुद्र असलेल्या माणसाला आत पक्कं घर दिलं तर त्याला काय दिलं आणि काय घेतलं, याचा हिशेब त्या गावकऱ्यांत अजून चालू असतो.

दुपारी बारा

चिंचणी-तारापूरला येऊन मला पहिल्यांदा गावात आल्यासारखं वाटलं. कारखान्यांना, अणुकेंद्राला नाव तारापूरचं, वर्दळ सगळी बोईसरला, आणि खुद्द तारापूर आपलं कौलारू आणि निवांत.

चिंचणीत ओटीवर बसून डाय कोरणारे कारागीर पाहण्यासाठी मी मुद्दाम आले होते. पोलादी ठोकळ्यावर छिन्नीने दागिन्याची नक्षी उलटी, खोलगट कोरायची. त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की नक्षी सुलटी, उठावाची होऊन येते. एका फुलाला अर्धा दिवस जातो, आणि त्या ठोकळ्यावर मग तशी हजारो फुलं निघतात. बाजारपेठेत झळकणाऱ्या दागिन्यांमागे ही गावं आहेत हे दुकानात कुणी सांगत नाही. आता संगणकावर कोरणारी यंत्रं आली आहेत. "यंत्र चांगलं कोरतं," कारागीर काका भिंग न काढता म्हणाले. "पण नवं सुचत नाही त्याला. ते मी सुचवायचं, म्हणून मी अजून आहे."

तारापूरच्या किल्ल्यात आता वाडी आहे. पोर्तुगीजांकडून तो चिमाजी आप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये घेतला. लढाई मोठी निकराची झाली आणि त्यात मराठ्यांचे बाजी भिवराव रेठरेकर पडले. मेमध्ये वसई पडली. आज संकष्टी होती, म्हणून तटाच्या सावलीत मी डबा उघडला: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेलं रताळं. खाता खाता मोजायला लागले. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा ब्राझीलकडचा, बटाटा अँडीज पर्वतातला, शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला, मिरची आणि रताळंही अमेरिकेकडचंच. सगळं गलबतांतून आलं ते पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दींच्या काळात. शत्रूच्या किल्ल्याला सुरुंग लावला आणि त्याच्या पुरचुंडीतून उपासाचं ताट वाढून घेतलं, असा आपला धर्म. गणपतीची हरकत नसावी.

तीन

तिसरं घड्याळ सातपाटीला. बोईसरहून पालघर, तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला विचारलं, होड्या येतील ना आता? त्याने घड्याळ पाहिलं नाही. "आज चतुर्थी. म्हणजे तीन."

हिशेब साधा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला ओढ नसते. माझ्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय मला उपास कधी सोडायचा ते सांगतं; इथल्या घरातलं तेच पान होडी कधी काढायची ते सांगतं. कंपनीचं घड्याळ कधी सरकत नाही आणि हे कधी थांबत नाही. ज्या घरात एक भाऊ होडीवर आणि दुसरा एमआयडीसीत असतो, तिथे दोघांच्या जेवणाची वेळ जुळायला पंधरवडा लागतो, असं एक मावशी म्हणाल्या.

खाडीचं तोंड गाळाने भरलंय. त्यामुळे ओहोटीला आलेली होडी बाहेर नांगर टाकून पाण्याची वाट बघते. तीनच्या सुमारास पाणी चढलं आणि बाहेर खोळंबलेल्या होड्या एकामागून एक आत शिरल्या. मग सगळा गाव धावला. बर्फाची लादी फुटतेय, टब खांद्यावरून चाललेत, मच्छीमार संस्थेच्या काट्यावर पापलेटची वजनाप्रमाणे प्रत लागतेय. सातपाटी पापलेटसाठीच ओळखली जाते. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींचा पकडण्याजोगा किमान आकार ठरवला, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. टबात त्याहून लहानही दिसले. मी तिकडे बघतेय हे पाहून एका तांडेल काकांनी गोणपाट ओढलं आणि स्वतःच म्हणाले, "जाळ्यात आल्यावर काय करू, परत सोडला तरी मेलेलाच असतो."

एमआयडीसीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. त्याविरुद्ध इथल्या मच्छीमार मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. आता उत्तरेला वाढवणचं बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली. इथे त्यावर मत विचारलं की लोक आधी तुमचं गाव विचारतात. मी नाशिक म्हटलं. "मग तुम्हाला बंदर लागेल. कांदा पाठवायला." यावर मी काय बोलणार?

साडेपाच

पालघरची पाचबत्ती. १४ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यांतले काशिनाथ हरी पागधरे सातपाटीचे, गोविंद गणेश ठाकूर नांदगावचे. आज सकाळपासून जी गावं पाहिली, ऐकली त्यांचीच ही नावं. चौकात मात्र या वेळी घरी निघालेल्यांची घाई. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाड्याच्या माणसाला कागदासाठी ठाण्याला जायची गरज उरली नाही. पण पालघरही त्याला जवळ नाही. वाघोबाची खिंड ओलांडून आलेलं एक जोडपं प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखल्याचे कागद सांभाळत एसटीची वाट बघत होतं. काम झालं का विचारलं. "साहेब मीटिंगला होता. उद्या बोलावलंय."

रात्री नऊ

चंद्र निघाला. बोईसरच्या चित्रालयापाशी मी उपास सोडला तो खमण आणि जिलबीवर, कारण समोर तेच गरम होतं. दक्षिण अमेरिकेतल्या शहरांची प्रवासवर्णनं वाचताना त्यांच्या रात्रींचा मला हेवा वाटायचा. दहाला जेवायला बसणारं, बाराला नाचायला निघणारं ब्यूनोस आयर्स, रस्त्यावर ढोल काढणारं रिओ. बोईसरही रात्री जागं असतं, फक्त नाचासाठी नाही. नवापूर रोडवर मोबाईलचे रिचार्ज, घरी पाठवायचे पैसे, शर्टांचे ढीग, लिट्टीची शेगडी, गुजराती पाटीचं फरसाण. ओव्हरटाइम सुटलेला पोरगा व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या बहिणीला दुकानातला ड्रेस दाखवतोय आणि ती तिकडून रंग बदलायला सांगतेय. दुकानदार चौथा ड्रेस उलगडतो. भाव त्या तिघांत ठरतो.

पावणेअकरा

भाचा डबा घेऊन निघाला. नाक्यावर वडापावची गाडी सकाळपेक्षा जोरात, कारण सेकंडवाले सुटायचेत आणि नाईटवाले आत जायचेत. दोन्ही शिफ्टची माणसं एकाच कढईभोवती उभी. "एमआयडीसी, एमआयडीसी, एक सीट!" रिक्षात चौघे बसले आहेत, पाचवा ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. भाच्याने मला उद्याची नाशिकची एसटी कुठून मिळेल ते सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात रिक्षा हलली आणि उरलेलं तो मागे वळून ओरडत गेला. मला मनोर ऐकू आलं, वेळ नाही आली.