कानात आवाज येतो? दुर्लक्ष करू नका

बाहेर शांतता असताना कानात शिट्टी, गुणगुण किंवा घूं-घूं ऐकू येणे, याला कर्णनाद म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. साधे कारण म्हणजे कानात साचलेला मळ. परंतु पुष्कळदा मूळ आतल्या कानात असते. यंत्रमागाचा खडखडाट, मिरवणुकीतील ध्वनिक्षेपक व मोठ्या आवाजातील इअरफोन यांमुळे तेथील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज ८ तास राहणेही धोक्याचे असते. वाढते वय, तसेच स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन ही इंजेक्शने हीदेखील कारणे आहेत. मात्र औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

मिरवणुकीनंतरचा आवाज बहुधा एक-दोन दिवसांत जातो. तरी तो इशारा समजावा. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा टिकून राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एकाएकी ऐकू येईनासे झाले, जोराची चक्कर आली किंवा चेहरा वाकडा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतील उपचारच अधिक गुणकारी ठरतात. कानात तेल वा काडी घालण्यात ते दिवस दवडू नयेत.