डॅनव्हिलचे सर्जन एफ्राइम मॅकडॉवेल

अंडाशयाची गाठ पोट उघडून काढण्याची जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, डॅनव्हिल नावाच्या छोट्या गावात झाली. गावात इस्पितळ नव्हते. शस्त्रक्रिया सर्जनच्या राहत्या घरी झाली. ती करणारे एफ्राइम मॅकडॉवेल यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. तरीही उदरशस्त्रक्रियेचा इतिहास त्यांच्या नावापासून सुरू होतो.

मॅकडॉवेल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १७७१ रोजी व्हर्जिनियात झाला. १७८४ मध्ये कुटुंब अॅपलेशियन पर्वतरांगा ओलांडून डॅनव्हिलला आले. हा भाग तेव्हा नुकताच वसत होता. वडील सॅम्युएल न्यायाधीश होते. केंटकीला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळावा म्हणून डॅनव्हिलमध्ये भरलेल्या परिषदांचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. एफ्राइम यांनी व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावी डॉ. अलेक्झांडर हम्फ्रीज यांच्या हाताखाली उमेदवारी केली. डॉक्टर होण्याची तेव्हाची रूढ वाट हीच होती. पुढे १७९३-९४ मध्ये ते एडिंबऱ्याला गेले. विद्यापीठातल्या व्याख्यानांबरोबरच त्यांनी नामवंत सर्जन जॉन बेल यांची खासगी शिकवणी लावली. अंडाशयाच्या गाठींनी स्त्रियांचे कसे हाल होतात आणि वैद्यक त्यापुढे किती हतबल आहे, हे बेल पोटतिडकीने सांगत. पदवी न घेताच मॅकडॉवेल १७९५ मध्ये गावी परतले.

डॅनव्हिलच्या आसपास शेकडो मैलांत त्यांच्या तोडीचा सर्जन नव्हता. त्यामुळे घोड्यावरून दूरदूर जाऊन रुग्ण तपासणे हा त्यांचा रोजचा क्रम झाला. मूत्राशयातले खडे काढण्यात त्यांचा हात विशेष वाकबगार होता. १८१२ मध्ये टेनेसीहून आलेल्या सुमारे सतरा वर्षांच्या एका मुलावर त्यांनी अशी शस्त्रक्रिया केली. तो मुलगा जेम्स पोक. पुढे १८४५ मध्ये तो अमेरिकेचा अकरावा राष्ट्राध्यक्ष झाला.

१३ डिसेंबर १८०९ रोजी मॅकडॉवेल यांना सुमारे ६० मैलांवरच्या ग्रीन काउंटीतून बोलावणे आले. जेन टॉड क्रॉफर्ड या सुमारे सेहेचाळीस वर्षांच्या बाईंचे पोट प्रमाणाबाहेर वाढले होते. दिवस भरून गेले तरी बाळंतपण होत नाही, असे सगळे धरून चालले होते. मॅकडॉवेल यांनी तपासले, तेव्हा गर्भाशय रिकामे लागले. पोटात अंडाशयाची प्रचंड गाठ होती. गाठ काढण्याचा प्रयोग आजवर कोणी यशस्वी केलेला नाही, त्यात जीव जाऊ शकतो, हे त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितले. तयारी असेल तर डॅनव्हिलला यावे लागेल, अशी अटही घातली. क्रॉफर्डबाई तयार झाल्या. ऐन हिवाळ्यात त्या घोड्यावर बसून साठ मैल आल्या. वाटभर गाठ खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकत राहिल्याने पोटावर उमटलेल्या खरचटलेल्या जागेची नोंद मॅकडॉवेल यांनी पुढे आपल्या टिपणात केली आहे.

शस्त्रक्रिया नाताळच्या दिवशी झाली असे परंपरा सांगते. मॅकडॉवेल यांच्या टिपणात मात्र फक्त महिना आहे. इथरची भूल १८४६ मध्ये आली, जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची जोसेफ लिस्टर यांची पद्धत १८६७ मध्ये. म्हणजे क्रॉफर्डबाई पूर्ण शुद्धीत होत्या. शस्त्रक्रिया चालू असताना त्या बायबलमधली स्तोत्रे म्हणत होत्या, असे सांगतात.

मॅकडॉवेल यांनी पोटाच्या डाव्या बाजूला सुमारे नऊ इंचांचा छेद घेतला. पोट उघडताच आतडी बाहेर टेबलावर आली आणि गाठीमुळे ती आत ढकलता येईनात. गाठ अख्खी निघण्याजोगी नव्हती. गर्भाशयाजवळ बीजवाहिनीभोवती त्यांनी मजबूत दोरा बांधला, मग गाठ फोडली. आतून १५ पौंड चिकट द्रव निघाला. उरलेली पिशवी कापून काढली, तिचे वजन साडेसात पौंड भरले. एकूण गाठ दहा किलोंहून जड होती. मग बाईंना कुशीवर वळवून आत साचलेले रक्त वाहून जाऊ दिले, आतडी जागेवर बसवली आणि टाके घातले. बांधलेल्या दोऱ्याचे टोक जखमेच्या खालच्या कडेतून बाहेर ठेवले. एवढ्या सगळ्याला सुमारे २५ मिनिटे लागली.

पाचव्या दिवशी मॅकडॉवेल पाहायला गेले, तर बाई स्वतःचे अंथरूण आवरत होत्या. २५ दिवसांनी त्या घरी परतल्या. त्यानंतर त्या ३२ वर्षे जगल्या आणि १८४२ मध्ये वारल्या.

जंतुसंसर्गाचे ज्ञान नसतानाही हे साधले, त्याची काही कारणे दिसतात. तेव्हाच्या शहरी इस्पितळांत एका रुग्णाचा पू दुसऱ्याच्या जखमेपर्यंत सर्जनच्या हातांनीच पोहोचत असे. डॅनव्हिलच्या घरात तो धोका बराच कमी होता. शरीररचनेची पक्की जाण आणि हाताचा वेग हेही कामी आले. गाठीच्या मुळाशी जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधी बांधण्याची त्यांची पद्धत पुढच्या सर्जनांनीही चालू ठेवली.

मॅकडॉवेल यांना लिहिण्याचा कंटाळा होता. हा अनुभव त्यांनी सात वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध केला नाही. आणखी दोन स्त्रियांवरच्या शस्त्रक्रियांची भर पडल्यावर १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा छोटासा लेख आला. तपशील इतका त्रोटक होता, की अनेकांनी शंका घेतली. आडगावातल्या डॉक्टरला युरोपातल्या आचार्यांना न जमलेले जमले, यावर लंडनचे संपादक जेम्स जॉन्सन यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी टिंगल केली. आणखी यशस्वी शस्त्रक्रियांची माहिती आल्यावर १८२६ मध्ये त्याच जॉन्सन यांनी छापील माफी मागितली. मॅकडॉवेल यांनी लेखाची प्रत गुरू बेल यांनाही पाठवली होती. बेल इटलीत होते, ती त्यांच्या हाती पडलीच नाही. बेल यांचे काम पाहणारे जॉन लिझर्स यांनी ती १८२४ मध्ये एडिंबऱ्यात प्रसिद्ध केली. पुढे चार्ल्स क्ले आणि थॉमस स्पेन्सर वेल्स यांनी इंग्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया रुळवली. पोट उघडता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर आतल्या इतर अवयवांवरच्या शस्त्रक्रियांचा विचारही शक्य झाला.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १८१७ च्या लेखातल्या तीन रुग्णांपैकी क्रॉफर्डबाई सोडल्या, तर उरलेल्या दोघी गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. क्रॉफर्डबाईंना धोका समजावून सांगून त्यांचा होकार घेतला गेला. कायद्याने मालकाच्या मालमत्तेत मोडणाऱ्या स्त्रीच्या होकाराला असा अर्थ नव्हता. नव्या शस्त्रक्रियेचा पाया घालण्यात या दोघींच्या शरीराचा वाटा आहे, पण वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नावे आली नाहीत.

मॅरिलँड विद्यापीठाने १८२५ मध्ये मॅकडॉवेल यांना वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली. डॅनव्हिलमध्ये १८१९ मध्ये स्थापन झालेल्या सेंटर कॉलेजच्या उभारणीतही त्यांचा हात होता. २५ जून १८३० रोजी पोटाच्या तीव्र दुखण्याने त्यांचा मृत्यू झाला. लक्षणांवरून ते आंत्रपुच्छाचे दुखणे असावे, असे नंतरच्या डॉक्टरांचे मत आहे. त्या दुखण्यावर शस्त्रक्रिया रूढ व्हायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

त्यांचे डॅनव्हिलमधले घर आता संग्रहालय आहे. केंटकीच्या वतीने त्यांचा पुतळा १९२९ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनात बसवला गेला आणि १९५९ मध्ये, त्या शस्त्रक्रियेच्या दीडशेव्या वर्षी, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. घराजवळच्या बागेत त्यांची समाधी आहे. ग्रीन काउंटीकडून डॅनव्हिलकडे येणाऱ्या वाटेला जेन टॉड क्रॉफर्ड यांचे नाव दिले आहे.