औषधालयातून रुग्णशय्येपर्यंत : औषधनिर्मात्याचे निवासी प्रशिक्षण

चरकाचार्यांनी भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. त्यांतील द्रव्य विपुल, योग्य, संपन्न आणि अनेक कल्पनांना अनुकूल असावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. वैद्य स्वतः वनस्पती ओळखून आणत व कल्प सिद्ध करीत, तोवर या गुणांची राखण त्यांच्याच हाती होती. आज निर्मिती कारखान्यात, विक्री दुकानात आणि चिकित्सा दवाखान्यात होते. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे औषधनिर्माता, अर्थात आपला फार्मासिस्ट. त्याला रुग्णशय्येजवळ उभे राहून शिकण्याची संधी मिळते काय, हा प्रश्न वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

सध्याची शिक्षणव्यवस्था

औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेसाठी ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आवश्यक आहे. त्यात मुख्यतः चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचा सराव होतो. रुग्णाची पुढील अवस्था विद्यार्थ्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. ही उणीव ध्यानी घेऊन भारतीय औषधनिर्माण परिषदेने २००८ मध्ये ‘फार्म. डी.’ अभ्यासक्रमाचे विनियम लागू केले. पाच वर्षांचे अध्ययन आणि सहाव्या वर्षी रुग्णालयातील प्रशिक्षण, अशी त्याची रचना आहे. सहाव्या वर्षातील सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि उरलेले सहा महिने अन्य तीन विशेष विभागांत, प्रत्येकी दोन महिने, असे काम करावयाचे असते. पदवीधरांसाठी हाच अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्याचेही शेवटचे वर्ष रुग्णालयात जाते. अमेरिकेत फार्म. डी. नंतर एक वर्षाचे सर्वसाधारण निवासी प्रशिक्षण आणि इच्छा असल्यास आणखी एक वर्षाचे विशेष प्रशिक्षण घेता येते.

आयुर्वेदात रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयात तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आहे. शोधन, मारण, कल्पनिर्मिती आणि मानकीकरण हा त्याचा गाभा आहे. तथापि दुकानात बसणारा औषधनिर्माता बहुधा या शिक्षणातून आलेला नसतो, आणि आधुनिक औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याचा आयुर्वेदीय कल्पांशी परिचय जुजबीच राहतो.

ही उणीव रुग्णाला कशी भोवते?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण येथे उद्बोधक ठरावे. अपस्मारासाठी फिनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांनी जोडीला शंखपुष्पीयुक्त सिरप सुरू केले आणि आटोक्यात असलेले झटके पुन्हा येऊ लागले. पुढे उंदरांवरील प्रयोगात या सिरपच्या वारंवार मात्रा दिल्यावर रक्तातील फिनिटॉइनचे प्रमाण घटलेले दिसले. त्याच शहरातील संशोधकांनी १९९४ मध्ये निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या हृद्रोगावरील औषधांचे शोषण कमी झाल्याचे आढळले. ज्येष्ठमध दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात ही बाब धोकादायक ठरू शकते.

या उदाहरणांवरून गुग्गुळ वा शंखपुष्पी त्याज्य ठरत नाहीत. वीर्यवान द्रव्य शरीरात काही ना काही कार्य करणारच; ते दुसऱ्या औषधाच्या सोबतीने काय करील, हे पाहणारी व्यक्ती मात्र हवी. वैद्याला शेजारच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिसत नाही, डॉक्टरांना वैद्याची पुडी दिसत नाही. दोन्ही औषधे ज्याच्या हातून जाण्याचा संभव सर्वाधिक, तो औषधनिर्माता होय. पिंपळीतील पाइपरीन रिफॅम्पिसिनचे शोषण वाढविते, हे ज्ञान क्षयरोगाच्या औषधात उपयोगातही आणले गेले आहे. अशा संयोगाचे हित आणि अहित दोन्ही ओळखण्यास पाठ्यपुस्तक पुरेसे होत नाही. त्यासाठी रुग्णाचे केसपत्र, तपासण्यांचे अहवाल आणि दररोजची फेरी यांचाच अनुभव लागतो.

बुलढाणा जिल्ह्याची स्थिती

आपल्या जिल्ह्यातील गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जात आले आहेत. तेथून परतताना त्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या असतात. गावी सांधेदुखीसाठी त्यांना गुग्गुळकल्प हवा असतो आणि खोकल्यासाठी ज्येष्ठमध. चिखलीचे अनुराधा आणि बुलढाण्याचे राजर्षी शाहू, या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांमुळे जिल्ह्यात या विषयाचे शिक्षण उपलब्ध आहे. परंतु फार्म. डी. साठी किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाशी संलग्नता लागते. ग्रामीण जिल्ह्यात ही अट सहजी पूर्ण होणारी नव्हे. बुलढाणा येथे २०२४ मध्ये १०० प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हा विचार आता व्यवहार्य कक्षेत आला आहे. अशा प्रशिक्षणाची आखणी जेव्हा होईल, तेव्हा त्यात आयुर्वेदीय कल्पांचा आणि अनुभवी वैद्यांचा समावेश व्हावा, अशी मागणी आपण आरंभीच केली पाहिजे.

आपल्या हाती काय आहे?

आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीला परवाना लागतो. किरकोळ विक्रीला औषध कायद्याखाली तो लागत नाही. त्यामुळे विक्रेत्याची नैतिक जबाबदारी अधिकच वाढते. पोटात घ्यावयाच्या ज्या कल्पांत अनुसूची ‘ई-१’ मधील विषद्रव्ये आहेत, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. ती रुग्णाला वाचून दाखविण्यास मिनिटही लागत नाही.

वैद्यबंधूंनी प्रत्येक रुग्णाला सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची वेष्टने सोबत आणण्यास सांगावे व त्यांची नोंद केसपत्रावर करावी. औषधविक्रेत्यांनी आपल्याकडील फार्मासिस्टला आठवड्यातून एक सकाळ एखाद्या वैद्याच्या बाह्यरुग्ण विभागात पाठवावे. प्रशिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याला केवळ माल लावण्यास न बसविता त्याच्याकडून अशा नोंदी तपासून घ्याव्यात. संशयित दुष्परिणाम आढळल्यास तो आयुष औषधांच्या दक्षता कार्यक्रमास कळवावा. आयुर्वेदीय औषधांसाठी असा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने औषधनिर्माण व्यवसाय विनियमांत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ या पदाला स्थान मिळाले. उद्या हा तज्ज्ञ आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयात रुजू होईल आणि रुग्णाच्या उशाशी ठेवलेली काढ्याची बाटली पाहील. ती बाजूला सारायची, चालू ठेवायची की वैद्याला दूरध्वनी करून विचारायचे, हे तो आपल्या प्रशिक्षणानुसार ठरवील. त्या प्रशिक्षणात आयुर्वेदाचा अंश असावा असे वाटत असेल, तर तो देण्याची तयारी आपणच दाखविली पाहिजे.