वरंधा घाटातली गाडी किती नॉट?

भोर सोडून महाडच्या रस्त्याला लागलं की नीरा देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं आणि मोबाइलची रेंज साथ सोडते. वेल्ह्याहून केळदमार्गे मढे घाटाकडे निघालात तरी तीच गत. अशा जागी लॅपटॉपच्या यूएसबीत छोटासा जीपीएस रिसीव्हर खोचायचा आणि पडद्यावरच्या नकाशात आपली गाडी सरकताना बघायची, ही युक्ती आता जुनाट वाटेल. पण जीपीएस म्हणजे नेमकं काय, हे कळायला याच्यासारखं साधन नाही. फोनमध्ये सगळं एका डबीत बंद असतं. इथे आकाशाचं काम वेगळं, नकाशाचं वेगळं, आणि दोन्ही उघड्यावर.

रिसीव्हर कुणाला काही विचारत नाही, तो नुसता ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह नागरी वापराचा संदेश साधारण २५ वॅटच्या ताकदीने सोडतो. झिरोच्या बल्बहून थोडा जास्त, इतकाच. तो खाली पोहोचेतो इतका क्षीण होतो की आसपासच्या रेडिओ-गोंगाटात बुडून जातो. त्यातून तो वेचून काढायचा, निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा ते पाहायचं आणि अंतर काढायचं. तीन उपग्रहांवर भागलं असतं. चौथा लागतो तो रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ स्वस्तातलं असतं म्हणून. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर अंतर ३०० मीटरने चुकतं.

उपग्रहातली अणुघड्याळं मात्र फार काटेकोर. तरी तीही वरच्या हलक्या गुरुत्वाकर्षणामुळे आणि स्वतःच्या वेगामुळे, दोन्हींचा हिशेब धरून, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त अंतर कापतो! म्हणून त्यांची चाल पाठवण्याआधीच तेवढी मंद करून ठेवतात. आइनस्टाइन नसते तर चेलाडी फाट्यावर वळायचं कुठे हेही कळलं नसतं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती नाही.

आणि हा संदेश येतो किती सावकाश? सेकंदाला फक्त ५० बिट. उपग्रह स्वतःचा नेमका ठावठिकाणा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, त्यामुळे थंड, म्हणजे बराच वेळ बंद असलेल्या रिसीव्हरला निदान अर्धं मिनिट तरी थांबावंच लागतं. फोन हीच माहिती टॉवरकडून झटपट उचलतो. रेंज गेली की त्यालाही आकाशाकडे कान लावून बसावं लागतं.

खरी मजा पुढे आहे. रिसीव्हर लॅपटॉपला चित्र पाठवत नाही, साध्या अक्षरांच्या ओळी पाठवतो, सहसा सेकंदाला एकदा. त्या उघडून वाचता येतात. सकाळी साडेसातला नसरापुरात मिसळ खात असाल तर ओळीत ०२०००० दिसेल, कारण वेळ ग्रीनिचची. पुढे ‘ए’ असेल तर ठिकाण भरवशाचं. ‘व्ही’ आला तर विश्वास ठेवू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यात आकाश झाकलं की हा ‘व्ही’ येतो. वेल्ह्याजवळ १८१७.८ असा काहीसा आकडा दिसतो, म्हणजे १८ अंश १७.८ मिनिटं उत्तर. आणि वेग? नॉटमध्ये! ही लिपी अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बोटींसाठी ठरवली होती. वरंध्याच्या वळणावर ताशी २२ किलोमीटरने चढणारी जीप तिच्या लेखी १२ नॉटने निघालेली असते. चहाला थांबलात की पडद्यावरचा बाण वेड्यासारखा फिरू लागतो, कारण दिशा ठरते हालचालीवरून आणि उभ्या गाडीला दिशाच नसते.

एवढं सगळं असूनही रस्ता कुठे आहे याचा रिसीव्हरला पत्ता नसतो. ते काम नकाशाचं, आणि तिथे माणसांचा इतिहास आडवा येतो. काही हौशी मंडळी सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट स्कॅन करून लॅपटॉपवर चढवत. ते जुने नकाशे बेतले होते सर्वेक्षक एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वीवर, म्हणजे साखळ्या आणि थिओडोलाइटने भारताची जमीन मोजून काढलेल्या आकारावर. या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या जीपीएसच्या पृथ्वीपेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी! सॉफ्टवेअरला हा फरक सांगायला विसरलात तर गाडी शंभर मीटरहून जास्त बाजूला दिसते. पाबे घाटात बाजूला म्हणजे दरीत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराचे नकाशे जीपीएसच्याच पृथ्वीवर आले.

घाटाची स्वतःचीही एक खोड आहे. एका बाजूला कडा, त्यामुळे आकाशाची पट्टीच उरते. कड्यावर आपटून आलेले संदेश अंतर लांबवतात. नागमोडी रस्त्याचे वरचे आणि खालचे पदर जवळजवळ असले की सॉफ्टवेअर बिनदिक्कत तुम्हाला खालच्या रस्त्यावर नेऊन बसवतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

हे आजही करून बघता येतं. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर द्या, चालवणाऱ्याच्या समोर नको. नकाशा जुना असेल तर राजगड तालुका त्यात वेल्हे म्हणूनच सापडेल. आणि पावसाळ्यात भोरमधून निघण्याआधी वरंधा घाट सुरू आहे का, ते विचारून घ्या. दरडींमुळे तो वाहतुकीला बंद केला जातो आणि ते कुठलाही उपग्रह सांगत नाही.