पाचामुखी परमेश्वर, पण पाचवा बोलला का?

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. पाच जणांनी मिळून जे ठरविले ते योग्यच असणार, हा त्यामागील विश्वास होय. परंतु कोणत्याही कार्यालयातील बैठक डोळ्यांसमोर आणली तर निराळेच चित्र दिसते. पाचांपैकी एक-दोघे बोलतात, उरलेले मान डोलावतात आणि इतिवृत्तात मात्र 'सर्वानुमते ठरले' अशी नोंद होते. जे बोलले गेले नाही, त्याची नोंद कोठेच होत नाही. बँकेसारख्या सेवासंस्थेत या न बोललेल्या शब्दांची किंमत अनेकदा ग्राहकाला मोजावी लागते.

महादेवपुऱ्यातील एक बैठक

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसराचे उदाहरण घेऊ. पूर्वी स्वतंत्र नगरपालिका असलेला हा भाग २००७ मध्ये बंगळूर महानगराच्या हद्दीत समाविष्ट झाला. संगणक उद्योगामुळे येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण कुटुंबे आली आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचे निवृत्त आईवडीलही आले. अशा वस्तीतील एखाद्या शाखेची कल्पना करावी. कर्मचारी नऊ, त्यांच्या मातृभाषा कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि मराठी. नोव्हेंबर महिना सुरू आहे. हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रीघ लागली आहे. गर्दी कशी आवरावी, यासाठी शाखाधिकारी बैठक बोलावतात.

शाखाधिकारी प्रारंभीच म्हणतात, "आणखी एक खिडकी उघडावी, असे मला वाटते. आपले मत काय?" वरिष्ठ रोखपाल दुजोरा देतात. नव्याने रुजू झालेली लिपिक काही बोलू पाहते, पण तेवढ्यात चर्चा खिडकीच्या जागेवर पोहोचलेली असते. दाराशी उभ्या असणाऱ्या शिपायास तर कोणी विचारतच नाही. वास्तविक, बोटांचे ठसे यंत्रावर न उमटल्यामुळे कोण हताश होऊन परत गेले, हे त्या शिपायानेच पाहिलेले असते. सोलापुराहून मुलाकडे राहावयास आलेल्या, कन्नड न समजणाऱ्या आजोबांची अडचण दुसऱ्या खिडकीने सुटणारी नसते. चेहऱ्याच्या ओळखीवरून हयातीचा दाखला देण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे, एवढे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांचे काम झाले असते.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी कोणत्याही शाखेस तो अपरिचित वाटू नये.

मौन का पडते?

समूहाने एकत्र बसून कल्पना मांडण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच विचारमंथनाचा, प्रसार अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी केला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने ही पद्धत जगभर पोहोचली. कल्पना मांडल्या जात असताना टीका करू नये, जितक्या अधिक कल्पना तितके उत्तम, विक्षिप्त वाटणाऱ्या कल्पनेचेही स्वागत करावे आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी, असे त्यांचे चार नियम होते.

नियम चांगले होते, पण अनुभव संमिश्र आला. येल विद्यापीठात १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार जणांचा एकत्र बसलेला गट आणि स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चार व्यक्ती यांची तुलना करण्यात आली. स्वतंत्र बसलेल्यांच्या कल्पनांची एकत्रित संख्या गटाच्या जवळजवळ दुप्पट भरली! पुढे १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोब या संशोधकांनी याचे एक प्रमुख कारण दाखवून दिले. एका वेळी एकच जण बोलू शकतो. इतरांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि त्या अवधीत मनातील कल्पना विरून जाते अथवा गैरलागू वाटू लागते. त्यात वरिष्ठांविषयीचा संकोच आणि परक्या भाषेत चूक होण्याची भीती मिसळली, की मौन पूर्ण होते.

आधी लेखन, मग भाषण

यावरील उपाय साधा आहे. बोलण्यापूर्वी सर्वांनी लिहावे. या तत्त्वावर आधारलेल्या दोन पद्धती विशेष उपयुक्त ठरल्या आहेत.

पहिली पद्धत डेलबेक आणि व्हॅन द व्हेन या अभ्यासकांनी विकसित केली. तिच्या चार पायऱ्या अशा :

१. प्रश्न फळ्यावर स्पष्ट शब्दांत लिहावा. सर्वांनी सुमारे दहा मिनिटे शांतपणे आपापल्या कल्पना कागदावर उतरवाव्यात.

२. प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक कल्पना वाचून दाखवावी. ती आहे त्याच शब्दांत फळ्यावर लिहावी. या वेळी चर्चा करू नये.

३. प्रत्येक कल्पनेचा अर्थ समजून घ्यावा. हे स्पष्टीकरण असते, खंडनमंडन नव्हे.

४. प्रत्येकाने गुप्तपणे आपल्या मते महत्त्वाच्या पाच कल्पनांना क्रम द्यावा. त्यांची बेरीज करून प्राधान्य ठरवावे.

दुसरी पद्धत १९६८ साली जर्मनीतील बेर्न्ड रोरबाख यांनी मांडली. सहा जणांनी गोलाकार बसावे, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहाव्यात आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवावा. शेजाऱ्याने त्या वाचून आणखी तीन लिहाव्यात. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ नोंदी होऊ शकतात. त्यातील अनेक नोंदी पुनरावृत्तीच्या असतील, तथापि एकही व्यक्ती वगळली जात नाही.

बहुभाषिक शाखेत चिठ्ठी ज्याच्या त्याच्या मातृभाषेत लिहू द्यावी. ज्याला लिहिणे अवघड वाटते, त्याने विश्वासातील सहकाऱ्यास सांगून लिहवून घ्यावे. चिठ्ठ्या एकत्र मिसळून वाचल्यास कोणती सूचना कोणाची, हा प्रश्नच उरत नाही. आणखी एक पथ्य महत्त्वाचे आहे. शाखाधिकाऱ्यांनी आपले मत सर्वांत शेवटी सांगावे.

मेंढा-लेखाचा धडा

हे सारे परदेशी वाटण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाने हे तत्त्व वेगळ्या रीतीने अंगी बाणविले आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे दोन व्यवस्था रुजल्या. अभ्यासगटात मोकळी चर्चा होते, पण निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने. एखाद्याचा विरोध असल्यास मतमोजणी करून त्याला बाजूला सारले जात नाही. पुन्हा चर्चा केली जाते. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही प्राप्त झाला.

विचार करण्याची वेळ आणि निर्णय घेण्याची वेळ वेगळी ठेवावी, हा या गावाचा धडा कोणत्याही कार्यालयास घेता येईल.

काही मर्यादा

अर्थात, प्रत्येक बाब चिठ्ठीवर सोपविता येत नाही. रोख रकमेची सुरक्षा, ग्राहकाच्या माहितीची गोपनीयता अथवा नियामकांचे आदेश हे मतदानाचे विषय नव्हेत. तसेच अंतिम जबाबदारी शाखाधिकाऱ्यांचीच राहते. परंतु एखादी सूचना स्वीकारली नाही, तर त्याचे कारण पुढील बैठकीत सांगणे अगत्याचे आहे. उत्तर न मिळालेली चिठ्ठी ही त्या कर्मचाऱ्याची शेवटची चिठ्ठी ठरू शकते.

ग्राहकांनाही येथे स्थान आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या मुख्य परिपत्रकात शाखा पातळीवरील ग्राहक सेवा समितीत ग्राहकांचा सहभाग असावा, शक्यतो एका ज्येष्ठ नागरिकास घ्यावे आणि समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी, असे नमूद करण्यात आले होते. अशा बैठकीची सुरुवात पाच मिनिटांच्या शांत लेखनाने केली, तर संकोची ग्राहकाची अडचणही टेबलावर येईल. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत किंवा महिला बचत गटातही हीच रीत अवलंबिता येईल.

आता पुन्हा महादेवपुऱ्यातील त्या बैठकीकडे वळू. फळ्यावर प्रश्न लिहिला आहे, नऊ चिठ्ठ्या जमा झाल्या आहेत. त्यांपैकी एकीवर कन्नडमध्ये दोनच ओळी आहेत : 'ठसे न उमटलेले वृद्ध परत जातात. त्यांना दुसरा मार्ग आहे, हे दाराशीच सांगावे.' दुसरी खिडकी उघडण्याचा खर्च नाही, नवे यंत्र नाही. दाराशी मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये एक फलक लावला, मदतीला एक कर्मचारी नेमला आणि आजोबांचा दाखला त्याच दिवशी नोंदला गेला. त्यांचे निवृत्तिवेतन अडले नाही, कारण त्या दिवशी पाचवे मुखही बोलले होते.