मागचे बाक का उडते?

हिंगोलीहून औंढ्याला जाताना एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून पाहा. उंचवटा आला की मधले प्रवासी नुसते हलतात. तुम्ही मात्र उडता!

मोटारींच्या कारखान्यातून अनेकदा येते ती केवळ चॅसी, म्हणजे इंजिन, आस व चाके असलेला सांगाडा. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांनी वर्षानुवर्षे अशा सांगाड्यांवर बसगाड्या बांधल्या. परदेशांत त्यांवर स्वयंपाकघर, बिछाना असलेली फिरती घरेही बांधतात.

गाडीची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजतात. पण धक्क्याचे गणित ठरते ते दोन आसांमधील अंतरावर. समजा, ते ५ मीटर आहे आणि मागच्या आसापलीकडे ३ मीटर शेपूट आहे. मागची चाके १० सेंटिमीटर उचलली गेली, तर गाडी पुढच्या आसाभोवती तरफेसारखी फिरते. शेपटाचे टोक ८/५ पट, म्हणजे १६ सेंटिमीटर वर जाते! (स्प्रिंगांचा हिशेब येथे सोडला आहे.) १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हे शेपूट आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून लांब चालत नाही. आपल्या उदाहरणातले ३ मीटर बरोबर त्या मर्यादेवर आहे.

वळताना हेच शेपूट उलट बाजूला सरकते. गाडी उजवीकडे वळू लागली की मागचा डावा कोपरा बाहेर येतो. म्हणून स्थानकात निघत्या गाडीच्या त्या कोपऱ्याला खेटून उभे राहू नका.