काश (तुर्कस्तान)

काश हे तुर्कस्तानच्या अंताल्या प्रांतातील भूमध्य समुद्रकिनाऱ्यावरील एक लहान, शांत शहर आहे. प्राचीन लिशियातील अँटिफेलोस हे बंदर येथेच होते. त्या काळातील दगडी शवपेट्या व समुद्राभिमुख नाट्यगृह आजही पाहावयास मिळतात. समोरचे कास्तेलोरिझो हे ग्रीक बेट किनाऱ्यापासून सुमारे २ किमी अंतरावर आहे. १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीत मात्र काशमधील ग्रीक रहिवाशांना गाव सोडावे लागले.

शहरात विमानतळ नसल्याने प्रवासी अंताल्या किंवा दालामान येथून रस्त्याने येतात. जवळच्या केकोवा बेटालगत भूकंपामुळे बुडालेल्या नगराचे अवशेष आहेत. त्यांच्या संरक्षणासाठी तेथे पोहण्यास मनाई असून, पर्यटकांना ते नावेतूनच पाहावे लागतात.